मशीन शोधून राह्यली

नलूताईंनी ‘बांडी’ हा शब्द लिहून बटण दाबलं, मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि उकडलेली पहिली शेंग हातात घेतली.

“थांबा मावशी, मशीन शोधून राह्यली,” त्या हेडफोनच्या माइकात म्हणाल्या.

पडद्यावर एक गोल चाक फिरायला लागलं. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या साधनानं मोबाइलमधलं घड्याळ सुरू केलं. एक शेंग सोलून झाली, दुसरी झाली. पलीकडे राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात रुखमाबाई नावाची म्हातारी फोन धरून उभी होती आणि गायीचं सोडून बाकी सगळं सांगत होती. पोळा झाला, सुरतेला असलेला लेक सणाला आलाच नाही, कापसाच्या पऱ्हाटीला पाणी जास्त झालं, आणि घरचा माणूस दोन रोजांपासून ओसरीवर खोकत बसलाय, दवाखान्यात चला म्हटलं तर तोंड फिरवतो. नलूताई शेंगा खात ‘हाव मावशी’, ‘खरं हाय मावशी’ करत होत्या. पाचव्या शेंगेला चाक थांबलं आणि पडद्यावर तीन नोंदी उमटल्या. मधल्या नोंदीवर नलूताईंनी बोट टेकवलं. मालकाचं नाव डोमाजी, खाली गाव, आणि त्याखाली शेऱ्याच्या मोठ्या रकान्यात खुद्द नलूताईंनी कधीतरी लिहून ठेवलेलं: चिंचेखाली बांधलेली बांडी गाय, शेपूट लहानपणी कुत्र्यानं तोडली, मागच्या वेताला वासरू अडलं होतं, म्हातारी बोलते फार.

“सापडलं मावशी. तुमचीच बांडी.”

पडद्यावरचं मालकाचं नाव त्यांनी काही उच्चारलं नाही. गाय गाभण होती आणि दोन दिवसांपासून चारा कमी खात होती. नलूताईंनी चार गोष्टी समजावून सांगितल्या, आठवड्यात डॉक्टर येऊन बघून जातील म्हणाल्या आणि फोन ठेवला.

“पन्नास सेकंद गेले नुसते शोधण्यात,” साधनानं मोबाइल पुढे केला.

“पाच शेंगा,” नलूताई म्हणाल्या. “भर पावसात सात लागतात.”

पांढरकवड्यात एका कृषी केंद्राच्या माडीवर दोन खोल्यांत हे केंद्र चालायचं. कुणाची गाय आजारी पडली, बकरी लंगडायला लागली, म्हैस पान्हा चोरायला लागली की लोक इथे फोन करत. फोन घेणाऱ्या चार बाया होत्या. त्या जनावराची जुनी नोंद शोधून काढायच्या, सल्ला द्यायच्या आणि गरज असेल तर डॉक्टरांना निरोप धाडायच्या. मग डॉक्टर शंकरसिंग किंवा त्यांचे जोडीदार मोटारसायकलला किक मारून निघायचे. नोंद सापडल्याशिवाय डॉक्टर पाठवायचा नाही, असा खर्च देणाऱ्या ट्रस्टचा नियम होता. तो नियम नागपुरातल्या कुणीतरी केला होता, आणि ज्यानं केला त्याच्या घरी गाय नसावी असं सगळ्यांचं एकमत होतं.

आता त्याच नागपूरहून निरोप आला होता. एकेका फोनला इथे फार वेळ लागतो. दसऱ्यानंतर हेड ऑफिसच्या सुरभी मॅडम स्वतः येऊन बघतील. तोवर शोध झटपट झाला तर ठीक, नाहीतर केंद्र नागपूरला हलवायचं आणि तिथल्या मुलींनी फोन घ्यायचे. चार बायांचे जीव टांगणीला लागले होते. आणि नागपूरच्या मुलींना बांडी गाय म्हणजे काय हे कोण सांगणार, हा नलूताईंचा प्रश्न होता.

ही मशीन वेगात आणायचं काम साधनानं घेतलं, ते काही फार उत्साहानं नाही. अकरा वर्षं पुण्यात डेटाबेसचं काम करून ती गावी परतली होती. एका सकाळी कंपनीनं व्हिडिओ कॉलवर नोकरी गेल्याचं सांगितलं, त्याच वर्षात घटस्फोट झाला, आणि आईचा गुडघा दुखायला लागला म्हणून ती चार दिवसांसाठी आली ती राहिलीच. घटस्फोटाच्या कागदांवर नवऱ्याचं नाव तिला इतक्यांदा लिहावं लागलं होतं की शेवटी शेवटी ते नाव वाचताना तिला ते कुणाचं आहे हेही जाणवेनासं झालं. तिला आता कशाचंच फार काही वाटत नसे. हे काम मात्र नीट व्हावं असं वाटे, कारण हेही जमलं नाही तर आपण कुठल्याच कामाच्या उरलो नाही, असं तिनं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

दुखणं काय आहे ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नोंदी लाखाच्या वर गेलेल्या. पुस्तकाच्या शेवटी असते तशी एक सूची मशीनकडे होती, पण ती रकान्याच्या पहिल्या शब्दावरून लावलेली, आणि बांडी कधीच पहिल्या शब्दात नसायची. ती असायची चिंचेच्या आणि कुत्र्याच्या मध्ये कुठेतरी. त्यामुळे नलूताईंनी ‘बांडी’ लिहिलं की मशीन बिचारी पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळ्या जिल्ह्याची गुरंढोरं ओळ न् ओळ वाचत जायची. आणि नलूताई लिहायच्या तरी किती. एकेका गायीच्या शेऱ्यात सुनेचं बाळंतपण, विहिरीचा वाद, बोअरला लागलेलं पाणी, सगळं. साधना ते वाचायला बसली की तिला हसू यायचं आणि मग दमायला व्हायचं.

यावरचा इलाजही तिला ठाऊक होता. शब्दांचे तीन तीन अक्षरांचे तुकडे करून त्यांची नवी सूची बांधायची, म्हणजे मशीनला सगळं वाचत बसावं लागत नाही, तुकडा मधला असला तरी ती थेट तिथे जाऊन पोचते. तिनं ती मालकांच्या नावांवर आणि गावांवर बांधली, आणि नाव टाकल्या टाकल्या पापणी लवायच्या आत नोंद यायला लागली. मग तिनं शेऱ्यांवर बांधायला घेतली आणि तिथे घोडं अडलं. शेऱ्यांची सूची मूळ नोंदींपेक्षाही मोठी व्हायला लागली. कोपऱ्यातल्या कपाटात ठेवलेली ती जुनी मशीन एवढा भार कुठून उचलणार? जागा संपली, मशीन अडकली आणि दुपारभर केंद्र बंद पडलं. नवी मशीन मागितली तर नागपूरहून उत्तर आलं, आधी वेग दाखवा, मग बघू.

तिनं आणखी दोन-तीन वाटा करून पाहिल्या. शेऱ्यांमधले ‘आहे’, ‘होती’, ‘म्हणून’ असले शब्द गाळून पाहिले, जुनी वर्षं वेगळी काढून पाहिली. काही जमलं, बरंचसं नाही. शेवटी तिनं हात टेकले आणि शोधातून शेरेच काढून टाकायचं ठरवलं. शेरे पुसायचे नव्हते. नोंद उघडली की ते दिसणारच होते, फक्त त्यांच्यात काही शोधता येणार नव्हतं. शोधायचं ते मालकाच्या नावानं.

नलूताईंनी हे ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण लावलं.

“नावानं शोधाचं म्हनता मॅडम, पन नाव सांगन कोन?”

“ज्याची गाय, तो सांगेल.”

“गाय बाईची. नाव मानसाचं. अन् फोन करते बाई. मानूस कधी गायीसाठी फोन करते का?”

साधनाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर मागावा तर तो शेणानं माखलेला, आणि वाचायला चष्मा नाही. फोन नंबरवरून शोधावं तर सिम दर दिवाळीला बदलणार, नाहीतर फोन शेजारणीचा असणार. गाव टाकलं तर एकेका गावात गायवाले पडद्यावर मावणार नाहीत इतके. म्हणून तर या बाया गायीवरून, चिंचेवरून, कुत्र्यावरून माणसं शोधायला शिकल्या होत्या. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत काही खेड्यातल्या म्हाताऱ्यांपुरती नव्हती. नलूताईंचे यजमान देवराव रोज संध्याकाळी त्यांना न्यायला स्कूटर घेऊन खाली येत, आणि नलूताई खिडकीतून ‘आले वाट्टे’ एवढंच म्हणत. साधनाची आई तर पक्की होती. मागे बँकेत साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा तिनं काही न बोलता पिशवीतून आधार कार्ड काढून काउंटरवर सरकवलं होतं. साहेब म्हणाला, तोंडानं सांगा ना काकू. आई साधनाकडे बघत राहिली. शेवटी साधनानं वडिलांचं नाव सांगितलं, आणि बाहेर आल्यावर आईवर चिडली होती.

“शिकवा त्यांना,” ती नलूताईंना म्हणाली. “दोनदा-तीनदा विचारलं की सांगतील. सवयीचा प्रश्न आहे.”

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला. पण दसरा तोंडावर होता, दुसरी वाट दिसत नव्हती, आणि वाद घालायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

नव्या पद्धतीचे पहिले दिवस गमतीत गेले. बाया फोनवर अडखळायच्या, हसायच्या, आणि अंगणात खेळणाऱ्या पोराला हाक मारायच्या, ये रे, सांग या मॅडमले तुह्या आज्याचं नाव. पोरगं धावत येऊन नाव सांगायचं आणि नोंद क्षणात पुढे यायची. काहीजणी फोन सुनेकडे द्यायच्या, तर सून सासऱ्याचं नाव कसं घेणार म्हणून तो परत सासूकडे यायचा. एकीनं सांगितलं, देवाचं नाव हाय, बासरीवाल्या देवाचं, आणि नलूताईंनी देवाची सगळी नावं एकामागून एक टाकून पाहिली. पण हळूहळू बसलं. फोन आखूड झाले. नलूताईंना शेंगा सोलायला वेळ मिळेना आणि त्या डबा तसाच घरी न्यायला लागल्या. पलीकडून कुणी लेकाचं, पाण्याचं, खोकल्याचं काही सांगायला सुरुवात करी, तोवर नोंद आलेली असायची. साधनानं आकडे काढले, ते नागपूरच्या मागणीत आरामात बसत होते. ती घरी गेली आणि कितीतरी दिवसांनी दुपारची झोपली.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सुरभी मॅडम आल्या. मॅडम म्हणजे तिशीही न गाठलेली पोरगी, आठवडाभर गाडीतून केंद्रं बघत फिरून डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली. आल्या आल्या ती दोन ग्लास पाणी प्यायली आणि तिनं पंख्याखालची खुर्ची धरली. आता हिलाही कुणीतरी नागपुरात जाब विचारत असणार, असं साधनाला तिच्याकडे बघून वाटलं. सुरभीनं टॅब काढला, त्यावर घड्याळ लावलं आणि नलूताईंना फोन स्पीकरवर घ्यायला सांगितलं. आत्ता बघेन त्या कॉल्सवरच मी अहवाल लिहिणार, एकही लांबलेला दिसला तर वरचे तेवढाच धरून बसतात, हे तिनं साधनाच्या कानाशी येऊन सांगितलं. सांगण्यात धमकी नव्हती, मदतच होती.

पहिले फोन झकास झाले. ढाणकीहून एका शेळीवाल्याचा आला, त्यानं आपलं नाव ठणकावून सांगितलं. केळापूरच्या एका मुलीनं आजोबांचं सांगितलं. नाव टाकलं की नोंद, नोंद आली की सल्ला, सल्ला झाला की पुढचा. सुरभी दर वेळी टॅबवर बोट टेकवी आणि साधनाकडे बघून मान हलवी. खोलीत कधी नव्हे ती शिस्त आली होती. साधनाच्या खांद्यांवरचं ओझं जरा सैल झालं आणि तिला चहाची आठवण झाली.

तेवढ्यात रुखमाबाईंचा फोन आला.

“नलू हाय का?” आवाज धापा टाकत होता. “माय, गाय अडली व. सकाळधरनं कळा देऊन राह्यली, पाय बाहेर आले अन् तसेच राह्यले. डॉक्टरले धाड लवकर.”

नलूताईंनी आवाज ओळखला होता. साधनानंही ओळखला होता. बांडी गाय, चिंच, कुत्रा, सगळं तिला आठवत होतं. फक्त मालकाचं नाव दोघींनाही आठवत नव्हतं. महिनाभरात हजारो नावं डोळ्यांखालून गेली होती. नलूताईंनी सवयीनं ‘बांडी’ लिहिलं आणि बटण दाबलं. त्याच क्षणी खाली अक्षरं उमटली, नोंद आढळली नाही. मग त्यांनी फोन आला तो नंबर टाकून पाहिला. तोही नवा होता.

“मावशी, मालकाचं नाव सांगा.”

पलीकडे गायीचं कण्हणं ऐकू आलं.

“तुले माहीत नाही का? बांडीवाली मी. चिंचेखालची.”

“मले माहीत हाय मावशी, पन मशीनले नाही ना. आता नावानंच सापडते. घरात कोनी पोरगं असन तं त्याले सांगाले लावा.”

“कोनी नाही. येकटी हाय मी.”

“मंग मालकालेच द्या फोन.”

सुरभीनं टॅबकडे पाहिलं, मग साधनाकडे. साधनाला पुढे होऊन फोन आपल्या हातात घ्यावासा वाटला, पण घेऊन तरी ती काय विचारणार होती? नाव विचारायची सोय तिनंच केली होती.

“मालक गेले ना बाप्पा,” रुखमाबाई म्हणाल्या. “दसऱ्याच्या आधी. खोकल्यानं धरलं होतं ते सुटलंच नाही. त्याईचं सिमबी बंद झालं. पोरगा आला, हे नवं घेऊन देल्लं, अन् गेला परत.”

नलूताईंचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. ओसरीवर खोकत बसलेला माणूस. पाच शेंगा सोलून होईपर्यंत त्याचं दुखणं याच खोलीत ऐकलं गेलं होतं, आणि साधनानं तेव्हा सेकंद मोजले होते. गावावरून शोधू, सगळी यादी खाली खाली बघत जाऊ, असं काहीतरी ती सुचवणार होती. पण गाय तिकडे कण्हत होती, आणि पलीकडचा श्वास एकदा आत गेला तो ऐकू आला.

“डो,” रुखमाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग सगळं एकदम आलं. “डोमाजी.”

नलूताईंनी अक्षरं टाकली. नोंद उघडली. चाक फिरलंसुद्धा नाही. मागच्या वेताला वासरू अडलं होतं, हे शेऱ्यात होतंच. नलूताईंनी डॉक्टर शंकरसिंगांना निरोप धाडला आणि ते कुठे आहेत ते विचारलं. ते राळेगावातच होते आणि निघतो म्हणाले.

“सापडलं मावशी. डॉक्टर निघाले. जवळच हायत. तोवर गायीले उठू देऊ नोका, अन् पाय ओढू नोका.”

“हाव.”

सुरभीनं टॅबवर टेकवायला बोट उचललं. वेळ अजून हाताबाहेर गेली नव्हती. पण पलीकडून फोन ठेवला गेला नाही.

“नलू.”

“बोला ना मावशी.”

“ते गेले ना, तवा समद्या बाया रडल्या, हाका मारल्या. कोनी काका म्हने, कोनी भाऊजी म्हने.” त्या थांबत थांबत बोलत होत्या, गायीच्या पाठीवरून हात फिरवत असाव्यात. “म्या हाक माराची तं काय मनून माराची? जिंदगीभर ‘आयकलं का’ म्हनलं. थेच म्हनत बसली. मेलेल्या मानसाले आयकलं का म्हनू का मी?”

खाली रस्त्यावरून एसटी गेली आणि खिडकीची काच थरथरली.

“आज तू इचारलं म्हनून तोंडातून निंघालं,” रुखमाबाई म्हणाल्या. “पयल्यांदा. कसंच वाटलं. डॉक्टर येईपर्यंत मी अशीच बसून हाय इथं गायीपाशी. मघाशी जे इचारलं ना माय, ते पुन्हा इचार.”

साधनाच्या डोळ्यांसमोर बँकेचं काउंटर आलं, आधार कार्ड सरकवणारा आईचा हात आला. वडिलांना जाऊन चार वर्षं झाली होती. आईनं त्यांना कशी हाक मारली असेल, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

नलूताईंनी समोर पाहिलं. पडद्यावर नाव ठळक अक्षरांत उघडं होतं, खाली गाव, खाली बांडी गाय. त्यांनी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून साधनाकडे बघितलं, आणि मग माइक ओठांजवळ ओढला.

“मावशी, मशीन शोधून राह्यली,” त्या म्हणाल्या. “अजून काही सापडलं नाही. मालकाचं नाव काय म्हनलं?”

“डोमाजी.” या वेळी आवाज अडखळला नाही.

सुरभी खुर्चीत पुढे वाकली. तिनं पडद्यावरची नोंद वाचली, पुन्हा वाचली, आणि साधनाकडे वळली. तिच्या टॅबवरचं घड्याळ हिरव्याचं पिवळं झालं होतं आणि आता लाल व्हायच्या बेतात होतं.

“नोंद तर आलेली दिसतेय,” ती हळूच म्हणाली. “मग थांबलंय कशाला?”

एक शब्द पुरे होता. हो, आली आहे, मशीन चोख आहे, बाईच बोलत बसल्या आहेत, एवढं सांगितलं असतं तर साधनाचं काम साधनापाशी शाबूत राहिलं असतं. सगळा महिना तिनं याच एका वाक्यासाठी घालवला होता. तिनं नलूताईंच्या पाठीकडे पाहिलं. त्या पाठीला या नोकरीची साधनापेक्षा जास्त गरज होती, आणि ती पाठ हलली नव्हती.

“जुनी मशीन आहे,” साधना म्हणाली. “कधी कधी लागतो वेळ.”

सुरभी तिच्याकडे बघत राहिली. स्पीकरमधून गायीचं कण्हणं आलं, मागोमाग म्हातारीचा आवाज, तो आता नलूताईंशी बोलत होता की आणखी कुणाशी ते कळत नव्हतं. सुरभीनं टॅब मांडीवर पालथा घातला. घड्याळ तिनं बंद केलं नव्हतं, ते खाली चालूच असणार होतं.

“अजून किती वेळ लागेल?”

“सांगता येत नाही,” म्हणत साधनानं स्टूल ओढलं आणि ती नलूताईंच्या शेजारी बसली.

नलूताईंनी शेंगांचा डबा हातानं बाजूला सरकवला.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “पुन्हा एकडाव सांगा. मशीन शोधून राह्यली.”